भुशातले पांढरे धागे

१४ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. माझे गुडघे वयाप्रमाणे कुरकुरतात, तुझी वहिनी सवयीप्रमाणे. तुझं गेल्या महिन्याचं पत्र पोचलं.

मोठी बातमी म्हणजे सुतारखान्यामागचा भुशाचा डोंगर खाली येतोय. पेटवून नाही, बुरशीने. हसू नकोस. जन्मभर बुरशी दिसली की खरवडून काढणारा तुझा दादा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती विकत आणतो.

भुसा आणि ढलप्या भिजवायच्या, वर उकळतं पाणी ओतायचं, निवू द्यायचं, मग पोत्यात थर देत मधेमधे बियाणं पेरायचं. बियाणं म्हणजे धान्याच्या दाण्यांवर वाढवलेली अळिंबी. पहिल्या खेपेला मी भुसा गरम असतानाच पेरलं आणि सगळं मेलं. बियाणं देणारी बाई म्हणाली, "आजोबा, तुम्ही तिला जेवायला बोलावलंत की शिजवायला घेतलंत?"

आता घाई करत नाही. भुसा निवेपर्यंत बाकावर बसून शाळेतल्या कविता म्हणतो, चालीवर. पाठ असलेल्या सगळ्या संपल्या की तो कोमट झालेला असतो. मास्तरांनी छडीच्या तालावर वृत्तं शिकवली, त्यांचा असा उपयोग होईल हे त्यांच्याही ध्यानीमनी नसेल.

दहा-बारा दिवसांत धागे दिसू लागतात. आधी पहिलीतल्या मुलाच्या अक्षरासारखे, वाकडेतिकडे. मग ओळीला ओळ जुळते आणि पोतं आतून पांढरंशुभ्र होतं. ज्या लाकडावर माझी पटाशी घसरायची, त्याची ढलपी तीन महिन्यांनी बोटांत पिठासारखी चुरते. मागच्या खोलीत तुझे बुरशीचे प्रयोग चालायचे तेव्हाच तू हे सांगायचास, "दादा, लाकडातला जो चिवट भाग गुरांनाही पचत नाही, तो हे धागे खातात." मी म्हणायचो, "मग माझी कपाटंही खातील."

तू बरोबर होतास. रोपवाटिकेचा मालक तो चुरा रोपांसाठी नेतो, पुढच्या हंगामाचाही सांगून ठेवलाय. डोंगर माझ्या कमरेपर्यंत आलाय. वर्षभरात जागा मोकळी करून दाखवतो.

पण पत्र लिहायला बसलो ते यासाठी नाही.

गेल्या आठवड्यात एका पोत्याचं तोंड सोडलं आणि ते पांढरं दिसताच हात आपोआप घासणीकडे गेला. मी थांबलो. एकोणीस वर्षांपूर्वी थांबलो नव्हतो.

मागच्या खोलीतल्या तुझ्या चाळीस बरण्या वहिनीने धुतल्या नाहीत. मी धुतल्या. त्या दिवशी गिऱ्हाईक लाकूड बघायला येणार होतं. बरण्यांत भुसा, भुशावर बुरशी. सुताराचा हात चालला. चुना, गरम पाणी आणि सगळ्या उन्हात पालथ्या. त्यांत तुझी तीन वर्षं होती हे तुझा चेहरा पाहिल्यावर कळलं. तू दारातून विचारलंस, "कोणी केलं हे?" मी म्हणालो, "तुझी वहिनी सकाळपासून बरण्या धुतेय."

ते खोटं नव्हतं. ती स्वयंपाकघरातल्या धूत होती. पुढचं मी बोललो नाही. तू निघून गेलास, आणि नंतर तिलाही मी तेच पटवलं.

तेव्हापासून तुझ्या पत्रात वहिनीस नमस्कार नसतो. ती प्रत्येक पत्र मागूनपुढून पाहते आणि म्हणते, "जागा संपली असेल."

काल तिला सांगितलं. हातातल्या पंच्याची घडी ती किती तरी वेळ घालत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या मी नव्हत्या धुतल्या. मला वाटायचं, बाकीच्यांबरोबर घेतल्या असतील, आठवत नाही इतकंच." उठता उठता म्हणाली, "जेवायचं आता तुमचं तुम्ही घ्या."

तीन जेवणं झाली, मी माझं घेतोय.

मला माफ करायचं की नाही ते तू सावकाश ठरव. पण तिला लिही. वेगळं पाकीट, तिच्या नावाचं. त्यात माझी चौकशीसुद्धा नको.

अर्धं वाक्य बोलून गप्प बसलेला,
तुझा दादा