पंधरा वर्षांचा साग

नंदुरबार, ता. १४ जानेवारी १९१७

अनीस, भावा,

हातोडा तसाच टाकून आलोय. बोटांना अजून झिणझिण्या आहेत, अक्षर वाकडे येईल. सलाम. घरी सगळे खुशाल. तुझी आयशा बरी आहे, मुलगी भिंत धरून उभी राहते. मिरची वाळत पडली आहे. सारे गाव शिंकते आहे.

मला लाकडाच्या वखारीत चांगले काम मिळाले. सातपुड्यातून सागाचे स्लीपर येतात, रुळांखाली घालायचे. मी ठोकून आवाज ऐकतो. खणखणीत वाजला तर छाप मारतो, भद्द वाजला तर बाजूला. सगळे बसऱ्याला लढाईवर जातात, तू रूळ टाकतोस तिथेच. हे काम कसे मिळाले ते पुढे लिहितो.

आज सरकारी मागणीचा नवा कागद आला. ओले लाकूड नको. दोन वर्षे वाळलेला साग हवा, पंधरा वर्षे टिकेल असा. मी थांबलो. फौज पुढे सरकली की मागचे रूळ उचलतात. त्यांना कसलेही लाकूड चालते. सहा महिन्यांच्या लढाईला पंधरा वर्षांचा साग कोण मागतो?

कारकून पितांबर म्हणाला, "बशीरभाई, तू काय सरकारना व्याही शे का, इतलं इचारी ऱ्हायना? ठोक आनि छाप मार."

मी तरी वखारीच्या गोऱ्या साहेबाला विचारले. तो हसला. "जहाज अब कोयले पे नहीं, तेल पे चलता है. तुर्क जाएगा. हम नहीं जाएगा." मग त्याने माझे पूर्ण नाव विचारले आणि वहीत लिहून घेतले.

तुझ्या मागच्या पत्रातली एक ओळ कुणीतरी काळी केली होती. आज ती उन्हात धरली. 'रूळ तोफांकडे नाही, तेलाच्या टाक्यांकडे' एवढे दिसले.

जुम्म्याला मशिदीत दुव्यात तुर्कांच्या सुलतानाचे नाव आले की मी मान खाली घालतो.

आता काम कसे मिळाले ते लिहितो. भरतीचा मुकादम आला तेव्हा तुझे नाव मी दिले. तो म्हणाला होता, भाऊ पाठव, वखारीतली जागा तुझी. आयशाला मी सांगितले, फक्त सहा महिने. आज ती भाकरी घेऊन वखारीत आली. स्लीपरच्या चवडींकडे बघत म्हणाली, "भाईजान, छे महीने बोले थे ना तुम? अगले महीने आएँगे ना?"

मी हो म्हणालो. छापाचा हातोडा हातातच होता.

फेब्रुवारीत तुझी मुदत संपेल. ते पुन्हा कागद पुढे करतील. सही करू नकोस. आजारी पड, खोटे बोल, पण ये. हे टपालात टाकत नाही. वखारीचे ठेकेदार चुनीलालभाई, त्यांचा पुतण्या परवा बसऱ्याला निघतोय, त्याच्या हाती देतो.

तुझ्या पायाखालच्या लाकडावर ज्याचा छाप आहे, तो
बशीर

ता. १५. सकाळी पितांबर घरी कागद घेऊन आला. बसऱ्याला लाकूड पारखणारा हवा आहे. साहेबाने माझे नाव घातले आहे. मुदत: काम संपेपर्यंत. मी सही केली. आयशाला अजून सांगितलेले नाही. पत्र मीच घेऊन येतोय.