नाव नसलेल्या गोळ्यांची बरणी

प्रिय धाकट्या,

आपण कामगाराची लेकरं. आजारी पडायची मुभा नसलेल्या घरात वाढलो, ही तुझी-माझी जुनी तक्रार. बाबा तापाने फणफणलेले असायचे आणि त्यांचा मुकादम दारात येऊन विचारायचा, सर्दीच झालीय ना, का बाळंतपण आहे? तू कोपऱ्यात मुठी आवळून उभा असायचास. म्हणून तू छापखाना काढलास तेव्हा मी भेटेल त्याला सांगत सुटले, की एक तरी मालक माणसासारखा निघणार.

आज त्या बोलण्याची मला शिसारी येते.

तुझ्या टेबलावरची ती काचेची बरणी. आत पिवळ्या गोळ्या, झाकणावर शाईच्या बोटांचे ठसे. नाक गळायला लागलं की दोन गिळा आणि कामाला लागा. कामगारांच्या सभेच्या दिवशी मीही गिळल्या होत्या, आणि वर व्यासपीठावरून तुझे गोडवे गायले : कामगाराच्या शिंकेचीही काळजी करणारा मालक! टाळ्या पडल्या. भाषणभर डोळ्यांवर झापड येत होती, तरी आपण नेमकं काय खाल्लं हे विचारायचं मला सुचलं नाही. जन्मभर लोकांना वाचायला सांगणारी मी!

गोळ्या तू पाकिटातून का काढून ठेवतोस, ते काल तुझ्याकडच्या कागद कापणाऱ्या कटिंगवाल्याने सांगितलं. त्याने एकदा पाकिटावरचं वाचलं : झोप येऊ शकते, यंत्र चालवू नये. ते तुझ्या नाकासमोर धरून म्हणाला, मालक, छापून आलंय, मी चाललो घरी. दुसऱ्या दिवशी बरणी आली. तेव्हापासून रोज सकाळी तू अंगठ्याने एकेक गोळी सोलतोस आणि पाकिटं कचऱ्यात टाकतोस. छापखान्याचा मालक आणि छापील अक्षराला भितो!

आणि तुझा बाईंडर, सगळ्यांचा डिंक्या. पाच दिवस अंगात ताप घेऊन तो वह्या शिवत होता. कामावर बरणीतल्या गोळ्या, घरी बायकोने दिलेली तापाची गोळी, झोपताना सर्दी-खोकल्याचं औषध, तेही मापाचं झाकण हरवलं म्हणून जेवणाच्या चमच्याने. तिला वाटलं, ताप वेगळा, सर्दी वेगळी, म्हणजे औषधंही वेगळी. दोन्हींत एकच पॅरासिटामॉल आहे, हे डॉक्टरांनी पाकीट आणि बाटली वाचून दाखवली तेव्हा तिला कळलं. बरणीतल्या गोळीतही तेच असेल, तर त्याच्या पोटात तिहेरी भर पडली आहे. यकृत सुजलंय. डोळे हळदीसारखे झालेत.

तू दवाखान्यात गेलास, उशाशी फळं ठेवलीस आणि डॉक्टरांना सांगितलंस, आम्ही कामावर औषधबिवषध देत नाही. वर डिंक्याच्या बायकोला म्हणालास, वहिनी, घरचंच काही बाधलं असेल. ती बाई तेव्हापासून स्वतःचे हात कपाळावर आपटून घेतेय. हे मी ऐकलं आणि मला तुझी किळस आली. बाबांच्या मुकादमाचीही इतकी आली नव्हती.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. माझी लेक ते तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत हलणार नाही. बरणीचं मी डॉक्टरांना सांगून टाकलंय, उपचारही सुरू आहेत. पण गोळीचं नाव काय, ताकद किती, हे कटिंगवाल्याला आठवत नाही, पाकिटं कचऱ्यात गेली, तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही; आणि डिंक्याला मोठ्या रुग्णालयात आजच हलवायचं का, हे डॉक्टर त्यावरून ठरवणार आहेत. तुझ्यावर काय बेतेल ते नंतर बघू. मी तुझ्या शेजारी उभी राहीन, तुझ्या विरुद्ध बोलायला लागलं तरी. आत्ता ऊठ, चपला घाल, दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना त्या गोळीचं नाव सांग.

तुझीच, अजूनही तुझीच,
ताई