जावयबापूंचा मृदुंग

रत्नागिरी, शनिवार, मे २००४

जमलं एकदाचं. सावर्ड्याच्या बुवांच्या जाखडी नाचाच्या गाण्यांची कॅसेट उद्या मुंबईला जाणार. मृदुंगाने बुवांचा आवाज पार गिळला होता, आणि मृदुंगावर साक्षात त्यांचे जावई. जरा हळू वाजवा, हे सांगणार कोण? म्हणून मृदुंगाचा आवाज मागाहून कॉम्प्युटरवरच कमी करायचं ठरलं. तर जाड-बारीक आवाज कमीजास्त करणारं इक्वलायझरचं प्लगइन बुवांचं रेकॉर्डिंग घेईचना. फाइल चालत नाही, एवढंच म्हणे. काढून पुन्हा टाकलं, शिव्या घातल्या. बुवा शेजारी चहा पीत बसलेले. शेवटी वैतागून एका लग्नाची मंगलाष्टकं टाकली, ती मुकाट घेतली. मग फरक काय? स्क्रीनवर मंगलाष्टकांच्या पट्ट्या दोन, बुवांची एकच. डिस्कवरची जागा वाचवायला मीच मोनो ठेवलेलं, आणि याला हवं स्टिरिओ. कंजूषपणा नडला. तीच पट्टी दुसऱ्या बाजूलाही टाकली आणि घेतलं की. बेस उतरवला, मृदुंग मागे सरला, बुवांचा शब्दन् शब्द मोकळा झाला.

बुवांनी हेडफोन लावून अख्खं गाणं ऐकलं. म्हणाले, "झकास. आता जावयबापूंसाठी वेगळी कॅसेट काढ. तीत मृदुंग चढव."