अस्माच्या खात्यातून योगिताचे नाव कोणी काढले?

प्रति,
मा. अध्यक्ष,
माळरान ग्रामविकास संस्था, आष्टी, जि. बीड.

विषय : वसतिगृहाच्या संगणकातील अ‍ॅडमिनचे अधिकार एकाच व्यक्तीच्या हाती न ठेवणेबाबत.
संदर्भ : अर्जदारास मिळालेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. अर्जदार अस्मा साजिद तांबोळी ही संस्थेच्या कडा येथील ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या वसतिगृहात संगणक चालक आहे. मुलांच्या नोंदीच्या प्रणालीत कोणाला खाते द्यायचे, कोणाला काय करू द्यायचे, हे केवळ लिपिक श्री. बंकट ढोबळे यांच्या अ‍ॅडमिन खात्यातून ठरते. अर्जदाराचा पासवर्डही त्यांनीच ठरवलेला असून तो बदलण्याची मुभा अर्जदारास नाही.

२. दिवाळीनंतरच्या रविवारी अर्जदार युसूफ वडगावला मावसबहिणीच्या निकाहात होती. सोमवारी योगिता ही मुलगी पेटी घेऊन आली, तर प्रवेशाच्या यादीत आधी असलेले तिचे नाव नव्हते. त्या जागी श्री. ढोबळे यांची पुतणी होती. तिचे आईवडील आष्टीतच असतात, ऊसतोडीला जात नाहीत.

श्री. ढोबळे म्हणाले, "मॅडम, नाव काल तुमच्याच खात्यातून उडालंय."

अर्जदाराने विचारले, "माझ्या खात्याला नाव काढायचं बटणच न्हाई, मग उडालं कसं?"

दुसऱ्या दिवशी पाहते तो ते बटण अर्जदाराच्या खात्यात हजर! पाठोपाठ नोटीस आली. नोटिशीचा खुलासा संगणकातूनच पाठवावा असे तीत म्हटले आहे. आणि अर्जदाराचे खाते बंद केले आहे. चौकशी अधिकारी श्री. ढोबळे हेच आहेत.

३. मधल्या काळात योगिताला आईने टोळीच्या ट्रॅक्टरमध्ये बसवले. अर्जदार धावत गेली. आई कडूबाई म्हणाली, "यादीत न्हाई म्हणल्यावर लेकराला कुठं ठिवू, बाई?" अर्जदाराने पेटी खाली उतरवून घेतली. तेव्हापासून मुलगी अर्जदाराच्या घरी आहे व तेथूनच शाळेत जाते.

४. तरी प्रत्येकाचा पासवर्ड ज्याचा त्याने ठरवावा, आणि कोणाला कोणता अधिकार केव्हा दिला व काढला, हे बाहेरच्या तंत्रज्ञाकडून तपासावे. अर्जदाराचे खाते बंद राहिले तरी चालेल, योगिताचे नाव आधी यादीत घ्यावे.

५. हा अर्ज हाताने लिहून समक्ष देण्याचे कारण असे की, प्रणालीतील आपले खातेही त्याच अ‍ॅडमिनने उघडलेले आहे. आपला पासवर्ड आपण स्वतः ठरवला होता काय, हे कृपया आठवून पाहावे.

आपल्या विश्वासास अद्याप पात्र,

(सही)
अस्मा साजिद तांबोळी
कडा, दि. १८ नोव्हेंबर २०२४