माळवदावरची एकवीस इंच माती

हडपसर, ता. ९ मार्च

ती. आक्कास उत्तरेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. भूकंप मध्यम होता म्हणतात. दगडमातीच्या घराला मध्यम म्हणजे काय ते मला विचारावं! इंजिनिअर नसलो तरी चोवीस वर्षं साइटवर उभं राहून शिकलोय. शेजारच्या शंभूकडून मोजून घेतलं : माळवद अठरा बाय बारा, वर माती दोन फूट. तुझ्या डोक्यावर साडेएकोणीस टन, आणि भिंतीला बोट जाईल एवढी भेग. माती उतरव, पत्रे पाठवतो.

रागाव, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझा उत्तरेश्वर

*

गावाहून, ता. १५ मार्च

चि. उत्तरेश्वर यास अनेक आशीर्वाद.

टन पोचले. बहिणीचे गुडघे विचारायला टेप पुरली नाही वाटतं. पत्र्याखाली भाजून मरू का? दर आखाजीला, पावसाळ्याच्या आधी, आप्पा छपरासाठी पांढरी माती आणत, तू माझ्या परकराचा काठ धरून ती तुडवायचास; चिखल पार कानात. तुला उठवायच्या आधीच आप्पा जुना थर खरवडून टाकत, ऊन व्हायच्या आत नवा बसावा म्हणून. बापाचा हात फिरलेलं छप्पर मी उतरवणार नाही.

माया आहेच, वाढवायला जागा नाही.

तुझी आक्का, दुर्गाबाई

*

हडपसर, ता. २१ मार्च

ती. आक्कास शि. सा. न.

पत्र तीनदा वाचलं. तुडवणं आठवतं, नंतरचे गूळ-शेंगदाणेही. पण आप्पा आधी खरवडत, हे मला ठाऊकच नव्हतं. ते गेल्यापासून चौदा वर्षं मी इथून शंभूला थर टाकायला सांगत आलो. खरवड, असं एकदाही नाही. चौदा थर, दीड-दीड इंच. एकवीस इंच माझे, आक्का; आप्पांचे फक्त तीन. बाज अंगणात काढायला शंभूला सांगितलंय. त्याच्याशी भांडू नकोस. साइटवरचा स्लॅब टाकून झाला की येतो.

तुझा चुकलेला भाऊ,
उत्तरेश्वर

*

गावाहून, ता. २९ मार्च

चि. उत्तरेश्वर यास आशीर्वाद.

शंभूशी भांडलेच, मग अंगणात निजले. परवा सकाळी पुन्हा हादरा बसला. आढं करकरलं, आणि या घरात पाऊल टाकायची मला पहिल्यांदा भीती वाटली. काल माती उतरवायला लावली. तुझी भुसभुशीत, भराभर आली. मग फावडं अडलं. शंभू म्हणाला, आक्का, ही आप्पांची. मी हात थांबवायला सांगितला. तीन इंच तुझ्या हिशेबात बसत असतील तर राहू देत. नसतील, तर ती काढायला तूच वर चढ. मी शिडी धरते.

दुर्गाबाई