मोगऱ्याची अगरबत्ती

अबुधाबी, शुक्रवार, १२ नोव्हेंबर १९९९

सोमवारी बाबा गेले. धाकट्याने फोनवर सांगितलं, "दादा, अग्नी मीच दिला." ऑफिसात रजा मागितली, तर म्हणाले, पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला. पासपोर्ट त्यांच्याकडे. मी भांडायला हवं होतं का?

आज संध्याकाळी लेबर कॅम्पच्या गच्चीवर कुंग फूला गेलो. का गेलो, मलाच कळत नाही. आमचे मास्टर लिम मलेशियाचे चिनी, आमच्याच साइटवर क्रेन चालवतात. अगरबत्ती विझेपर्यंत गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखं उभं राहायचं, असं त्यांच्याकडे शिकवतात. अगरबत्त्या माझ्याच, मोगऱ्याच्या. गावाहून येणाऱ्या प्रत्येकाबरोबर बाबा एक पाकीट पाठवायचे. फोनवर विचारायचे, "रोज पूजा करतोस ना?" मी म्हणायचो, "हो." चार वर्षं तेच. खोलीत देवाचा फोटोसुद्धा नाही.

मी नेहमी अर्ध्यावरच उठतो. आजही अर्ध्यावर पाय थरथरायला लागले. मास्टरना बातमी कळली होती. म्हणाले, "बस, खलास. जाके बैठो."

मी म्हणालो, "नहीं मास्टर, ये बाबा का है."

ते माझ्या शेजारी येऊन तसेच वाकून उभे राहिले, शेवटची राख पडेपर्यंत.

बोटांना अजून मोगऱ्याचा वास येतोय. आज बाबांनी विचारलं असतं, तर "हो" म्हणताना खोटं वाटलं नसतं.

पाकिटात नऊ उरल्यात.