डावीकडे कलणारी बोळकी

मखमलाबाद, नाशिक
६ एप्रिल २०२५

ती. नवसाआत्यास,
रविराजचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरात कुणी आजारी नाही. मी माझा फोन द्वारकेच्या चौकात रस्त्यावर आपटला आणि त्याच्यावरून रिक्षा गेली. पप्पांनी नवा मिळणार नाही असं जाहीर केलंय. मम्मीच्या फोनवरून तुझ्याशी बोलावं, तर तुमच्याकडे आतोबा स्पीकर लावून सगळ्या ओट्याला ऐकवतात. म्हणून हे पत्र तुझ्या अमोलच्या टेम्पोतून पाठवतोय.

कॉलेज सोडल्याचं तुला कळलंच असेल. वर्कशॉपच्या सरांना मी भर वर्गात बोललो. ते म्हणाले माफी माग, मी म्हणालो नावच काढून घेतो. काढलं. ते एक झालं. दुसरं असं की एक मुलगी आहे. जानेवारीत ती अचानक गावी निघून गेली आणि तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. फोन तिच्याच पायी गेला. ती परत बोलली पाहिजे, एवढंच मला हवंय. बाकी काही विचारू नकोस.

आता कामाचं. पप्पांनी शिक्षा म्हणून मला झेंडूच्या वावराकडेचा नाला उपसायला लावलं. खाली पिवळसर, चिकट माती लागली. एक गोळा हातात राहिला होता. रागानं त्यात अंगठा खुपसला, गोळा फिरवत गेलो, तर लिंबाएवढं बोळकं झालं. मग दुसरं केलं. मम्मी जेवायला हाका मारत होती म्हणे, मला ऐकूच आल्या नाहीत. आत्या, लहानपणी तुझ्याकडे पोळ्याचे बैल करताना असं व्हायचं. मधल्या वर्षांत ते कुठं गेलं होतं, कोण जाणे.

पण दोन गोष्टी कळत नाहीत. सगळी बोळकी वाळताना तडकतात, आणि सगळी डावीकडेच कलतात. तू बैलांच्या मातीत काय मिसळायचीस?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
रविराज


निफाड
१० एप्रिल

चि. रविराज यास नवसाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र अमोलनं कोथिंबिरीच्या जुड्यांतून आणलं, अर्धं भिजलेलं. मी वाचताना आतोबांनी खांद्यावरून डोकावून ‘बोळकी’ एवढाच शब्द वाचला. परवाच त्यांचे उरलेले दात काढलेत, तोंडाचं बोळकं झालंय. पोरगं मलाच चिडवतंय म्हणून रुसून बसले. आता तूच ये आणि समजूत काढ.

मातीत चुलीची राख चाळून घाल, मूठभर बारीक रेती घाल. आणि सावलीत वाळव. तू उन्हात ठेवत असशील, मला ठावं हाय. तुला सगळं लगेच पायजे. कलण्याचं मात्र मला कळत नाय. बैलाला चार पाय असतात, तो कुठं कलतो?

पोरगी कुणाची ते लिही. आणि तिचं काय दुखतंय ते इचारलंस का, का नुसताच भांडलास? तू भांडलाच असशील. तुझे पप्पा पण लग्नाआधी असेच होते, नंतर तुझ्या आईनं वळण लावलं.

लोभ आहे, तो वागण्यानं टिकव.

तुझी आत्या


मखमलाबाद
२८ एप्रिल

ती. आत्यास सा. न. वि. वि.

राख लागू पडली. तडकणं पुष्कळ थांबलं. कलण्याचंही सापडलं. माझा उजवा अंगठा एकीकडची भिंत जास्त दाबतो. खात्री करायला डाव्या हातानं केलं, तर ते उजवीकडे कललं. मी एकटाच नाल्यात बसून हसलो.

खड्ड्यात गोवऱ्या रचून भाजलीसुद्धा. निम्मी फुटली. जी वाचली ती जिथं गोवरीला टेकली तिथं काळी झाली आणि बाकी तांबडी. असं का होतं? पप्पा म्हणतात इंजिनिअरिंग सोडून मडकी, वा. पण काल गुपचूप एक उचलून बघत होते.

आता नाव सांगतो. उगावच्या बोरस्त्यांची निकिता. मी तिच्यासाठी एक जोडी केलीय, एक मोठं, एक लहान. गळ्याशी बारीक चिरा होत्या, तिथं हार ओवायचा पांढरा दोरा गुंडाळला, तर उलट जास्तच सुरेख दिसायला लागली. दोन्हींत पाणी भरून तोंडावर एकेक आंबा ठेवायचा, कारण तिला आंबा आवडतो. अमोल बुधवारी सकाळी उगावला माल भरायला जाणार आहे, त्याला सगळं समजावून सांगितलंय. चिठ्ठी नाही. बोलायला गेलो की माझं बिघडतं, म्हणून हातानं केलेलंच पाठवतोय.

देवाला सांग. माझ्यावरचा जीव आहे तसाच असू दे.

रविराज


निफाड
१ मे

चि. रविराज यास आशीर्वाद, पण आज हात आखडता.

मेल्या, बुधवारी आखाजी होती, अक्षय तृतीया. बोरस्त्यांच्या दारात सकाळी सकाळी दोन नवी मडकी, गळ्याला पांढरं सूत, पाणी भरलेलं, वर आंबा. आखाजीला असं कुणापुढं मांडतात? गेलेल्या माणसापुढं. बाप्याच्या नावाचं मडकं म्हणजे करा, बाईच्या नावाचं म्हणजे केळी. तुमच्या घरी पण दरवर्षी मांडतात, पण तुझं डोकं कायम फोनात. आणि आमचा अमोल, तो तर म्हणतो मला वाटलं पूजेचंच असंल.

अजून ऐक. निकिताची आई जानेवारीत वारली. चार दिवसांचा ताप, बस. ती बाई मला बाजारात भेटायची, पण तू नाव उशिरा सांगितलंस आणि तुझं पत्र हातात पडेस्तोवर अमोल उगावला पोचला होता. ही त्या माउलीची पहिली आखाजी.

म्हणजे केळी एक वेळ ठीक. पण करा? पोरीचा बाप ओट्यावर जिवंत बसलेला. तो करा घेऊन थेट आमच्या दारात आला. म्हणाला, ज्यानं पाठवला त्यानं येऊन सांगावं मी कधी मेलो. अमोल टेम्पोच्या आड. आतोबांनी समजूत घातली, पण दात नसल्यानं ती कुणालाच कळली नाय. रविवारी तुला घेऊन येते असा शब्द दिला तेव्हा तो गेला.

एक मात्र सांगते, त्यांच्या शेजारणीकडून कळलं. पोरीनं बाजारातली केळी बाजूला सारली आणि तुझी मांडली. आजी म्हणाली, ही पाझरतेय, काढ. तर पोरगी म्हणाली, “पाझरू दे. आईपर्यंत पोचतंय ते.”

रविवारी ये. आवाज चढवलास तर तुझा करा मीच भरीन.

आत्या


मखमलाबाद
६ मे

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मला बोरस्त्यांच्या ओट्यावर सोडून तू निकिताच्या आजीशी बोलायला आत गेलीस, म्हणून बाहेर काय झालं ते लिहितो.

आधी हे की मला माहीत नव्हतं. ती गर्विष्ठ झाली असं धरून मी जानेवारीभर तिला काय काय लिहीत होतो. ते शब्द आता आठवले की मान वर होत नाही.

बोरस्ते काकांनी करा पुढं ठेवला आणि विचारलं, मी मेलो कधी? मी म्हणालो, मला करा माहीतच नव्हता, मला ती नुसती जोडी वाटली. ते खूप बोलले. मी गप्प होतो, आणि त्यात माझा चांगुलपणा नव्हता. मी बघत होतो की बुधवारपासून उन्हात पडूनही त्याला एकही नवी चीर नाही. हे कसं? काकांनी विचारलं, काय बघतोस? मी खरं ते सांगितलं. त्यांनी तांब्यातून त्यात काठोकाठ पाणी ओतलं. एका बाजूनं आधी सांडलं. आम्ही दोघांनी माना वाकवून बघितलं. कललाय, म्हणाले. मग म्हणाले, चाक नसताना हा उभा तरी कसा राहतो?

तेवढ्यात निकिता बाहेर आली. मी माफीला सुरुवात केली, तर म्हणाली ते नंतर कधीतरी, आज नको. तिला गळा अरुंद कसा करतात ते हवं होतं. मी म्हणालो, मला नीट येत नाही. ती द्राक्षबागेच्या बांधावरून माती घेऊन आली. तिच्या बोळक्याचा गळा दोनदा मिटून गेला, माझा फाटला. बोटं ओली ठेवून बघितलं, कोरडी ठेवून बघितलं. दोघांनाही येत नव्हतं, म्हणूनच तर संध्याकाळपर्यंत बसलो. बोलणं मातीचंच झालं, दुसरं काही नाही.

पुन्हा येऊ का, हे विचारायचं धाडस झालं नाही. पण निघताना बघितलं, उरलेली माती तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली ठेवली होती, वाळू नये म्हणून.

आतोबांना नमस्कार. रागवायचं असेल तेवढं रागाव, पण लिहिणं थांबवू नकोस.

तुझा,
रविराज